दोन तुटक रेषांची वाट

माझ्या चुलत्यांची माती झाली, त्या दिवसापासून सव्वा वर्ष मी मनापासून प्रार्थना केली नाही, हे आधीच कबूल करते. रविवारी उपासनेला जात होते, गाणी म्हणत होते, लहान मुलांचा संडे स्कूलचा वर्गही घेत होते. डोळे मिटायचे तेव्हा मिटत होते आणि आमेन म्हणायचं तिथे म्हणत होते. पण आतून मी देवाशी अबोला धरला होता. घरात कुणाला पत्ता लागला नाही, कारण मी बोलण्यात पहिल्यापासून हुशार. वक्तृत्वाच्या चार ढाली आमच्या कपाटावर आहेत. ज्याला बोलता येतं त्याला लपवताही येतं.

आमचं गाव नेवासे तालुक्यात, शिंगणापूरच्या रस्त्यापासून जवळ. फाट्यावर माझ्या पप्पांचं पंक्चरचं दुकान आहे. शनिवारी आणि अमावस्येला गाड्यांची रीघ लागते. शनिदेवाच्या भक्तांच्या चाकांवर आमचं घर चालतं, असं पप्पा हसत म्हणतात, आणि रविवारी दुकान बंद ठेवतात. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची अकरा घरं, एक छोटं चर्च आणि शिवाराच्या टोकाला दफनभूमी. त्या दफनभूमीला वाट नव्हती. एके काळी होती असं म्हातारे लोक सांगत. पण मला कळायला लागलं तेव्हापासून त्या वाटेच्या जागी शेतकरी दत्तूतात्यांचा ऊसच होता. उन्हाळ्यात कोरड्या ओढ्यातून दगडधोंडे तुडवत जाता येई. पावसाळ्यात कुणी वारलं तर दत्तूतात्यांना विचारायचं, आणि ते उसाच्या कडेनं जाऊ देत.

चुलते ऑगस्टमध्ये गेले. हृदयाचा झटका आला आणि तासाभरात सगळं संपलं. शवपेटी घेऊन आम्ही शेताच्या बांधावर पोचलो तर दत्तूतात्या परगावी गेलेले. त्यांचा थोरला मुलगा बाळू आडवा उभा राहिला. "ऊस पडलाय, पानी सोडलंय. एवढी मानसं शिरली तर निम्मा प्लॉट लोळंल. तात्याला इचारल्याबिगर न्हाई सोडायचो," म्हणाला. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी विनवणी केली. पप्पांनी हात जोडले. शेवटी पेटी ओढ्यातून न्यायचं ठरलं. पाणी गुडघ्याच्या वर होतं. मधोमध पप्पांचा पाय शेवाळलेल्या दगडावरून घसरला, पेटी कलली आणि तिचं एक टोक पाण्यात गेलं. अलीकडच्या काठावर आम्ही बायका उभ्या होतो. माझ्या काकूंच्या तोंडून त्या वेळी जो आवाज निघाला, तो मी लिहू शकत नाही. पलीकडची दफनविधीची प्रार्थना आम्हाला वाऱ्यावर अर्धीमुर्धी ऐकू आली. काकूंचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे त्यानंतर एकदाही त्यांना कबरीपर्यंत जाता आलं नाही. मी पंधरा वर्षांची होते. मी काठावर उभी राहून मनात म्हटलं, प्रभू, तू हे पाहिलंस आणि गप्प बसलास. आता मीही गप्प बसते.

अकरावीत गेल्यावर आमच्या कॉलेजच्या सरांनी माझं नाव एका शिबिरासाठी पाठवलं. दिवाळीच्या सुट्टीत संगमनेरला नऊ दिवस, जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांतली मुलंमुली, आणि विषय गावाचं नेतृत्व. ग्रामसभेला काय अधिकार असतात, अर्ज कसा लिहायचा, माहिती कशी मागायची, भांडण न करता मुद्दा कसा मांडायचा, असं सगळं तिथे शिकवलं. नऊ दिवसांनंतर प्रत्येकानं आपल्या गावातला एक प्रश्न निवडायचा आणि येत्या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो उभं राहून मांडायचा, अशी अट होती. शिकवणाऱ्या वर्षाताई बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या; पण त्या बोलायला लागल्या की साठ मुलं चिडीचूप होत. त्यांचा एक नियम होता. ज्याच्याविरुद्ध चार लोकांत बोलायचं आहे, त्याला आधी त्याच्या घरी जाऊन भेटायचं.

तिथे ख्रिस्ती मी एकटीच होते. जेवणाआधी मी सवयीनं डोळे मिटून मान खाली घालायची, तर एका मुलानं विचारलं, "तू पोळ्या मोजतेस का गं?" सगळे हसले, मीही हसले. कुणी त्रास दिला असं अजिबात नाही. भाषणात तर मी सगळ्यांच्या पुढे होते. पण चौथ्या दिवशी प्रश्नाची चिठ्ठी लिहायला सांगितली, तेव्हा माझ्या हातानं लिहिलं, 'बसथांब्याजवळ कचराकुंड्या.' वाटेचं नाव माझ्या पेनातून उतरलं नाही. चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा टाळ्याही पडल्या. त्या टाळ्यांनी मला फार लाज वाटली.

मधला रविवार आला. चर्चविना गेलेला माझा तो पहिलाच रविवार. सकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन मी नुसती बसून राहिले. कर्जतकडची सुनंदा केस वाळवायला वर आली. तिच्या घरची शेती, सात जणांचं कुटुंब. शिबिरात ती फारसं बोलत नसे. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "रडतीस व्हय?" मी नाही म्हणणार होते, पण सगळंच सांगून टाकलं. ओढा, पेटी, काकू. ती केस पुसत ऐकत होती. मग म्हणाली, "आन चिठ्ठीत कचराकुंडी लिवलीस?"

"आमची अकरा घरं आहेत गं. गाव म्हणेल, आता यांचं सुरू झालं."

"आमच्या वस्तीला बी वाट न्हाई. आजारी मानसाला बाजंवर उचलून आनत्यात. वाट कुनाच्या देवाची असती व्हय?" असं म्हणून ती केस झटकत राहिली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "तू लई चांगलं बोलतीस. पर जिथं बोलायचं तिथंच बोलंना झालीस."

ती खाली गेल्यावर मी गच्चीवरच गुडघे टेकले. सव्वा वर्षात पहिल्यांदा मी देवाशी बोलले, आणि ते बोलणं गोड नव्हतं. मी म्हटलं, चिठ्ठी बदलते, पण त्या दिवशी तू गप्प बसला होतास हे मी विसरलेले नाही. या वेळी तरी काहीतरी कर. एवढं बोलून उठले आणि वर्षाताईंकडून चिठ्ठी परत मागून घेतली.

गावी आल्यावर सगळंच अवघड झालं. पप्पा म्हणाले, "त्या वाटेचं नाव काढू नकोस. बाळूची रोज दुकानावरून ये-जा असते. मला याच गावात राहायचंय." पाळकसाहेब म्हणाले, आपण प्रार्थनेत ठेवू. सरपंचबाईंना जाऊन भेटले. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "पोरी, तोंडी न्हाई चालत. तिथं वाट हुती याला कागद हाय का?" कागद नव्हता. दफनभूमीचा सातबारा चर्चच्या फायलीत होता, पण त्यावर वाटेचा शब्द नव्हता. म्हातारे लोक हातवारे करून सांगत, इथून बैलगाड्या जायच्या. पण हातवाऱ्यांवर ठराव होत नाही.

तेवढ्या दिवसांत मी भाषण मात्र लिहून काढलं. पाच पानांचं. त्यात ओढा होता, कललेली पेटी होती, काकूंचा आवाज होता आणि बाळूचं प्रत्येक वाक्य होतं. दत्तूतात्यांना भर गावात मान खाली घालायला लावायची, हे मी ठरवूनच टाकलं होतं. आरशासमोर उभी राहून म्हणायचे तेव्हा अंगावर काटा यायचा. ते भाषण लिहिताना मला देवाची काही गरज वाटत नव्हती, हे मला आता दिसतं. तेव्हा मला तो आत्मविश्वास वाटला होता.

डिसेंबरातल्या एका शनिवारी पप्पा जेवायला घरी गेले तेव्हा मी दुकान सांभाळलं, आणि ते परत आल्यावरही बाकावरच थांबले होते. शिबिरात गावाचा नकाशा काढायला सांगितला होता, तो कार्डशीटवर पक्का करत होते. एक पांढरी गाडी येऊन थांबली. मागचं चाक बसलेलं. साठी उलटलेले एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी उतरल्या. बाईंच्या हातात पूजेची पिशवी, तेलाची बाटली. आधीच्या दुकानात फार गर्दी होती म्हणून हळूहळू इथवर आलो, असं त्या म्हणाल्या. पप्पांनी जॅक लावला. गृहस्थ बाकावर माझ्या शेजारी बसले, गळ्यात अडकवलेला चष्मा डोळ्यांना लावला आणि माझ्या नकाशाकडे पाहायला लागले.

"हे काय आहे, टोकाला?"

"आमची दफनभूमी."

"सरकारी नोंद आहे तिची?"

"हो, सातबारा आहे."

"मग वाट कुठे आहे?"

मी म्हटलं, वाट नाही. त्यांनी मान हलवली. "असं होत नाही, बाळ. मी तीस-बत्तीस वर्षं जमिनींची मोजणी केली. माणसं पुरायची जागा आखून दिली आणि तिथं पोचायचं कसं ते आखलं नाही, असं जुने लोक करत नसत. तू गावाचा मूळ नकाशा पाहिलास का?" मी पाहिला नव्हता. असा काही नकाशा असतो हेच मला धड माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि कार्डशीटच्या कोपऱ्यात आधी एक तुटक रेष काढली, मग तिच्याखाली शेजारी शेजारी दोन. "एक तुटक रेष म्हणजे पायवाट. दोन म्हणजे गाडीवाट. भूमी अभिलेखच्या कार्यालयात अर्ज कर, गावनकाशाची नक्कल माग. शिक्क्याची घे. आणि तिथं दोन रेषा शोध." अर्जात काय लिहायचं, तेही त्यांनी सांगितलं. मी मागच्या बाजूला लिहून घेतलं.

चाक झालं. "अहो, चला, रांग वाढेल दर्शनाची," बाई म्हणाल्या. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत बसून शिंगणापूरच्या दिशेनं निघून गेले. त्यांचं नाव मी विचारलं नाही, पप्पांनीही विचारलं नाही. रस्त्यानं दिवसभर गाड्या जात राहिल्या. पप्पांनी पाना खाली ठेवला, हात पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारी जाऊ आपण."

मी हा प्रसंग पुष्कळांना सांगितला आहे. कुणी म्हणतं योगायोग, कुणी म्हणतं देवदूत. मी कुणाशी वाद घालत नाही. ते शनीच्या दर्शनाला निघालेले एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांचं चाक बसलं होतं आणि त्यांना माझ्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. जे झालं ते एवढंच, आणि मला एवढं पुरतं.

सोमवारी अर्ज दिला. आठवड्यानं नक्कल मिळाली. कार्यालयातल्या बाईंनी नकाशा टेबलावर पसरला आणि आम्ही दोघं वाकलो. पप्पांचं बोट कायम ग्रीसनं काळं असतं. कागदाला डाग लागू नये म्हणून ते बोट नकाशाच्या वर अधांतरी धरून गावापासून पुढे सरकवत गेले, आणि एका जागी थांबले. दोन तुटक रेषा होत्या. गावातून निघून, आता जिथे ऊस आहे त्या गटातून, दफनभूमीच्या कडेनं, आणि तिथेच न संपता पुढे थेट शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेलेल्या. म्हणजे पलीकडे ज्यांची शेतं होती, त्या रफीकचाचांची आणि आणखी तिघांचीही तीच वाट होती. मी 'आमची' वाट म्हणत होते. ती सगळ्या गावाची निघाली. पप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथेच, त्या टेबलाशी उभ्या उभ्या डोळे मिटले आणि देवाचे आभार मानले. मनापासून.

पण माझं मन बदललं होतं असं समजू नका. उलट आता माझ्या हातात पुरावा आला होता, आणि भाषणाला धार. वर्षाताईंना फोन करून आनंदानं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "दत्तूतात्यांना भेटलीस?"

"ग्रामसभेत भेटतीलच की, ताई."

"मग तू नकाशा नाही आणलास. दगड आणलास," त्या म्हणाल्या.

मला राग आला. त्यांना काय माहीत, पेटी पाण्यात कलताना कशी दिसते? मी आठ-दहा दिवस त्यांना फोन केला नाही. मग जानेवारीतला प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर वाटून घेण्याचा, रविवार आला. भाकर घेण्याआधी आपलं मन तपासा, कुणाबद्दल मनात अढी असेल तर आधी ती सोडवा, हे पाळकसाहेब दर महिन्याला सांगतात आणि दर महिन्याला मी ते ऐकते. त्या दिवशी भाकरीचं ताट माझ्यासमोर आलं आणि माझा हात उचलला गेला नाही. ताट पुढे गेलं. आईनं माझ्याकडे चमकून पाहिलं. मी खाली मान घालून बसले आणि मनात म्हटलं, प्रभू, मला जायचं नाही. मला त्या माणसाचं तोंडही बघायचं नाही. तूच नेलंस तर जाईन. उपासना संपली आणि माझे पाय घराकडे वळण्याऐवजी दत्तूतात्यांच्या मळ्याकडे वळले. नकाशा पिशवीत होता, कारण तो मी तेव्हा कुठेच ठेवून जात नसे.

दत्तूतात्या ओट्यावर बसून कांद्याची रोपं निवडत होते. बाळू घरात नव्हता. तात्यांच्या बायकोनं मला ओळखलं, पाणी दिलं. मी नकाशा पसरला आणि दोन रेषा दाखवल्या. भाषणातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी फक्त म्हटलं, "तात्या, इथं वाट होती. आमच्या काकांना ओढ्यातून न्यावं लागलं. पेटी पाण्यात गेली."

त्यांचे हात थांबले. "पेटी पान्यात गेली?"

"हो."

"पान्यात?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. तिला माहीत होतं. "मला कुनी सांगितलं न्हाई," तात्या म्हणाले. "मी पावण्याकडं गेल्तो. आल्यावं बाळू म्हनला, बांधावरनं नेली. मी म्हनलं, बरं झालं." त्यांनी हातातलं रोप खाली ठेवलं. "तुझा चुलता आन मी चौथीपत्तुर एका वर्गात हुतो, पोरी."

सव्वा वर्षाहून जास्त काळ मी ज्या माणसाला मनात रोज शिक्षा देत होते, त्याला गुन्हाच माहीत नव्हता. वाट नांगरली होती हे खरं. त्याबद्दल त्यांनी माफीही मागितली नाही. पण मी मनात रंगवलेला माणूस हा नव्हता.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "ह्यो कागूद इथं ठिव. चष्मा लावून नीट बघतो." शिक्क्याची ती एकच नक्कल होती. फोनमध्ये फोटो होता, पण ग्रामसभेत फोटोला कोण विचारतं? बाळू घरी येणार, कागद बघणार. दुसरी नक्कल वेळेत मिळेल याची खात्री नव्हती. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आतून अगदी शांतपणे वाटलं, ठेव. आवाज नाही, दृष्टान्त नाही, नुसतं ठेव. मी नकाशाची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

घरी कळल्यावर पप्पा डोक्याला हात लावून बसले. "शिक्क्याचा कागद देऊन आलीस? आता परत मिळतोय होय तो!" सुनंदाला फोन केला तर ती म्हणाली, "लई धाडस केलंस. मला तर न्हाई झालं असतं." पुढचे दिवस फार कठीण गेले. मळ्याकडून काही निरोप नाही. बाळू दुकानावरून गेला तेव्हा त्यानं गाडी हळू केली, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि निघून गेला. कागद परत मागायला जावं असं मला रोज वाटायचं. रोज सकाळी मी म्हणायचे, प्रभू, कागद तुझ्याकडे आहे, तात्यांकडे नाही. म्हणताना विश्वास असायचा, दुपारपर्यंत तो विरायचा, दुसऱ्या सकाळी पुन्हा म्हणायचे. श्रद्धा म्हणजे एकदाच मिळणारी ढाल नव्हे, हे मला त्या दिवसांत कळलं. भाषणाची पाच पानं मी चुलीत घातली. ते मात्र मी आनंदानं केलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. माणसं चांगली जमली होती. पप्पा दुकान बंद करून आले होते, आमच्या अकरा घरांतलं कुणी ना कुणी होतं. दत्तूतात्या कुठे दिसत नव्हते. बाळू पुढेच बसला होता. सरपंचबाईंनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले आणि सांगितलं, की गावापासून शिवेपर्यंत एक जुनी गाडीवाट नकाशावर आहे, ती मोकळी झाली तर पलीकडच्या चार शेतकऱ्यांना माल काढता येईल आणि आम्हाला आमची माणसं कोरड्या जमिनीवरून नेता येतील. गावानं ठराव करावा ही विनंती. एवढंच. कुणाचं नाव घेतलं नाही. माझा आवाज खणखणीत होता. भीती कुठे गेली होती कोण जाणे.

बाळू उठला. "कागद कुठं हाय? फोटू दावू नको, शिक्क्याचा कागद दाव."

मी म्हटलं, "माझ्याकडे नाही."

पटांगणात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मागून आवाज आला, "माझ्याकडं हाय." दत्तूतात्या वर्गाच्या व्हरांड्यातून पुढे आले. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. त्यांनी तो सरपंचबाईंच्या टेबलावर उघडला आणि लोकांकडे तोंड केलं. "माझ्या बापानं वाट मोडली आन मी नांगरत आलो. खरं हाय. ह्या पोरीनं ह्यो एकुलता एक कागूद माझ्या हातात दिला. मी चुलीत घातला असता तर हिच्याकडं काय ऱ्हायलं असतं?" त्यांचा आवाज बसला होता. "माझ्या वर्गातला गडी पान्यातनं गेला. ऊस तुटला की वाट सोडतो."

बाळू ताडकन उठून निघून गेला. कुणी त्याला अडवलं नाही. रफीकचाचा म्हणाले, "आमचा कांदा पण डोक्यावरून काढतो आम्ही. मुरूम टाकायला माझा ट्रॅक्टर येईल." मग रुंदीवरून अर्धा तास वाद झाला आणि आम्ही मागितली त्यापेक्षा वाट अरुंद ठरली. पण हात वर झाले, ठराव लिहिला गेला. पप्पा माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. बाळू अजून आमच्याशी बोलत नाही, टायर दुसरीकडे नेतो. त्याच्यासाठी मी प्रार्थना करते, आणि ती करणं मला अजूनही जड जातं.

फेब्रुवारीत ऊस तुटला. मार्चमध्ये मुरूम पडला. त्या वर्षी ईस्टरच्या पहाटे आम्ही अकरा घरांची माणसं मेणबत्त्या घेऊन त्या वाटेनं चालत गेलो. काकू माझ्या आणि आईच्या आधारानं चालत होत्या, मधे दोनदा थांबल्या, पण पोचल्या. कबरीवर गवत माजलं होतं. मला वाटलं त्या आता कोसळतील. त्या खाली बसल्या आणि आधी हातानं गवत उपटायला लागल्या. "किती पसारा करून ठेवलाय हो तुम्ही," असं चुलत्यांना रागावल्यासारखं म्हणाल्या आणि मग कबरीच्या दगडावर तळहात ठेवून शांत बसल्या. पूर्वेला फटफटत होतं.

मी विचार करत उभी राहिले. ज्या देवाला मी मुका म्हटलं, तो गच्चीवर सुनंदाच्या तोंडून बोलला होता, बाकावर एका अनोळखी माणसाच्या पेन्सिलीतून बोलला होता, आणि ज्याला मी शत्रू ठरवलं त्या माणसाच्या बसलेल्या आवाजातूनही बोलला होता. मी मात्र त्याचा आवाज चर्चमध्येच येईल अशी वाट बघत बसले होते. माझ्या हुशारीनं एवढंच केलं, की ती अखेर बाजूला झाली. जे घट्ट धरलं होतं ते सोडून दिलं, तेव्हाच ते माझ्या कामी आलं. समर्पण म्हणजे हरणं असतं असं मला वाटायचं. आता वाटतं, आपण एकट्यानं ओढत असलेलं ओझं खऱ्या धन्याकडे देऊन ताठ चालणं म्हणजे समर्पण.

पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं आणि प्रार्थना करायला सांगितली. सगळ्यांनी माना लववल्या. मी तोंड उघडलं, आणि वक्तृत्वाच्या चार ढाली मिळवणाऱ्या मला दोनच शब्द सापडले. मी म्हटलं, "आभार, प्रभू." काकू सगळ्यांच्या आधी, मोठ्यानं आमेन म्हणाल्या.